नगरपालिका १८६४ची, इमारत १९३५ची. मधली सत्तर वर्षं कारभार कुठून चालला?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या तालुक्याच्या गावची नगरपालिका गॅझेटियरप्रमाणे १८६४ सालची आहे. जुन्या दगडी कार्यालयाच्या कोनशिलेवर मात्र १९३५ साल आहे. गावात कुणालाही विचारलं तरी ‘दीडशे वर्षांची इमारत, इंग्रजांनी बांधलेली’ हेच ऐकू येतं. आता कारभार नव्या प्रशासकीय इमारतीत गेलाय, जुन्या जागेवर व्यापारी संकुल बांधायचा विषय सभेपुढे आहे, आणि त्याआधी या वास्तूचा खरा इतिहास तुम्हाला लिहून काढायचाय. सुरुवात कुठून करू, आणि मधली सत्तर वर्षं कशी भरून काढू, असं तुम्ही विचारलंय.

जुन्या सार्वजनिक इमारतींच्या दुरुस्तीची आणि जतनाची कामं मी करतो. त्यात कचेऱ्या येतात, वाचनालयं येतात आणि पालिकांची कार्यालयंही येतात. त्यामुळे एकीकडे दप्तर चाळायची आणि दुसरीकडे भिंत ठोकून बघायची, अशी दोन्ही सवय आहे. उत्तर लांबेल, पण घाईत उरकण्यासारखा हा विषय नाही.

आधी एक गाठ सोडवू. १८६४ आणि १९३५ या दोन सालांत विसंगती काहीच नाही. पहिलं साल संस्थेचं, दुसरं वास्तूचं. दोहोंमध्ये पन्नास-साठ वर्षांचं अंतर मी अनेक गावांत पाहिलंय. तुम्हाला खरं शोधायचंय ते कारभाराचं ठिकाण, आणि त्याचे तीन भाग पाडल्याशिवाय हाती काही लागणार नाही: सभा कुठे भरत होती, दप्तर कुठे ठेवलं होतं आणि पैसे कुठे गोळा होत होते. आज ही तिन्ही कामं एका छपराखाली चालतात म्हणून आपण ‘पालिकेची पहिली इमारत’ शोधायला निघतो. एकोणिसाव्या शतकात ती तीन वेगळ्या जागी असायची, आणि त्यांतली एकही पालिकेच्या मालकीची असेलच असं नाही.

हे का, ते कायद्यात दिसतं. मुंबई इलाख्यातल्या सुरुवातीच्या नगरपालिका १८५०च्या सव्विसाव्या कायद्याखाली निघाल्या. गावातल्या रहिवाशांनी मागणी केली तर सरकार तिथे तो कायदा लागू करी आणि सरकारी अधिकारी व काही प्रतिष्ठित रहिवासी यांची समिती नेमी. पुढे १८७३च्या कायद्याने ‘शहर’ आणि ‘गाव’ अशा दोन पायऱ्या केल्या. दहा हजारांवर वस्ती असेल तर शहर पालिका, दोन हजारांवर असेल तर गाव पालिका. पण खुर्चीत कलेक्टर किंवा त्याच्या हाताखालचा अधिकारीच. जिथे साहेब बसणार तिथेच सभा भरणार. त्यामुळे तालुक्याच्या गावात पहिली पंचवीस-तीस वर्षं सभेची जागा शोधायची झाली तर मी आधी मामलेदार कचेरीकडेच बघतो.

दप्तराचं म्हणाल तर त्या काळची नोकरमंडळी किती, हे डोळ्यांपुढे आणा. एखादा कारकून, आरोग्याकडे बघणारा दरोगा, झाडूवाले, रॉकेलचे दिवे लावणारे, नाक्यांवरचे वसुली कारकून. एवढ्यांना इमारत कशाला लागते? एक पेटी, एक मेज आणि कोरडा कोपरा मिळाला की झालं. हा कोपरा कधी कचेरीतच असे, कधी चावडीत, कधी धर्मशाळेत, तर कधी कुणाच्या भाड्याच्या वाड्यात. म्हणून पालिकेचा वार्षिक जमाखर्च हाती आला तर मी पहिल्यांदा खर्चाच्या बाजूला ‘भाडे’ शोधतो. ‘ऑफिसचे भाडे’ अशी ओळ सापडली की वाडा सापडायला वेळ लागत नाही. भाडं घेणाऱ्याचं नाव बहुधा शेजारीच लिहिलेलं असतं. आणि ती ओळ ज्या वर्षी नाहीशी होते, ते वर्ष तुमच्यासाठी कोनशिलेइतकंच महत्त्वाचं.

तिसरी जागा म्हणजे जकात नाका. पालिकांचं मोठं उत्पन्न जकातीतून येई. गावात शिरणाऱ्या रस्त्यांवर नाके असायचे आणि गाडीवान तिथे पैसे भरून पावती घ्यायचे. माझ्या पाहण्यात अशा बऱ्याच पालिका आहेत, ज्यांनी स्वतःच्या पैशाने बांधलेली पहिली वास्तू म्हणजे नाक्याची खोली, मंडई, दवाखाना किंवा शाळा. स्वतःचं कार्यालय सगळ्यात शेवटी. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. त्यानंतर या खोल्या चहाच्या टपऱ्या झाल्या, पोलीस चौक्या झाल्या किंवा नुसत्या पडून राहिल्या. तुमच्या गावात एखादी शिल्लक असेल तर आधी तिचा फोटो काढून ठेवा. जुन्या कार्यालयाविषयी निदान वाद तरी होईल. नाका एखाद्या दिवशी रस्तारुंदीत जाईल आणि कुणाला कळणारही नाही.

पालिकेचं घर दुसऱ्याच वास्तूच्या पोटात असल्याचं मोठं उदाहरण पुण्याचं. १८८६ मध्ये बांधून झालेली रे मार्केटची इमारत, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई. खाली भाजीचे गाळे आणि वर पालिकेचं कार्यालय, असा तिथला कारभार बरीच वर्षं चालला. जोतिराव फुले पालिकेचे सदस्य असताना त्यांनी या मंडईवरच्या मोठ्या खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे त्याच वास्तूला त्यांचं नाव मिळालं. हे सांगायचं कारण असं की तुमच्या गावातही १८६४ आणि १९३५ यांच्या मधलं कार्यालय एखाद्या मंडईच्या, शाळेच्या किंवा वाचनालयाच्या माडीवर निघण्याची शक्यता बरीच आहे. ‘नगरपालिका कार्यालय’ अशी पाटी असलेली जुनी वास्तू शोधत बसलात तर ती नजरेतून सुटेल.

उलट चूकही होते. गावात टाउन हॉल असेल तर लोक तेच पालिकेचं मूळ कार्यालय समजतात. मुंबईचा टाउन हॉल १८३३चा. तो सभा-समारंभांसाठी आणि एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयासाठी ओळखला जातो. महापालिकेचं मुख्यालय तो नव्हे. कोल्हापूरचा टाउन हॉल मेजर मँटने १८७०च्या दशकात संस्थानासाठी बांधला, आणि आज त्यात वस्तुसंग्रहालय आहे. तेव्हा तुमच्या गावात अशी वास्तू असेल तर तिचा वेगळा कागद उघडा आणि पालिकेच्या यादीत ती पुराव्याशिवाय घालू नका.

आता कालक्रमाचे खांब. १८ मे १८८२ला लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला: बिनसरकारी सदस्य निदान दोन तृतीयांश असावेत आणि शक्य तिथे अध्यक्षही बिनसरकारी असावा. मुंबई इलाख्यात त्यानुसार १८८४चा कायदा झाला. १९०१ मध्ये जिल्हा नगरपालिका कायदा आला, १९१९च्या सुधारणांनंतर स्थानिक स्वराज्य हे खातं लोकनियुक्त मंत्र्याकडे गेलं, १९२५ मध्ये मोठ्या गावांसाठी बरो म्युनिसिपालिटीचा कायदा आला. स्वातंत्र्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे महाराष्ट्राचा १९६५चा नगरपालिका कायदा, जो १९६७ पासून लागू झाला. ही सालं पाठ करायला सांगत नाही. या सालांच्या पुढेमागे दोन-तीन वर्षांची ठराव बुकं आधी उघडा, एवढंच सांगतो. अध्यक्ष बदलतो, सदस्यसंख्या वाढते, नवी खाती निघतात, आणि मग कुणीतरी सदस्य उठून म्हणतो की कचेरीत बसायला जागा पुरत नाही. गावागणिक हे बदलतं. एखाद्या श्रीमंत व्यापारी पेठेने १८९०लाच स्वतःचं घर बांधलेलं असतं, तर एखादी पालिका १९६०पर्यंत भाड्याच्या माडीवर असते.

हे सगळं खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखालच्या, मुलखातल्या गावांना लागू आहे. तुम्ही गावाचं नाव दिलं नाहीत, पण जिल्हा पश्चिम महाराष्ट्रातला दिसतो. तिथे एका मैलावर हद्द बदलायची. गाव सांगली, मिरज, फलटण, औंध, भोर अशा संस्थानात असेल तर १८८४चा कायदा तिथे आपोआप आला नाही. संस्थानाचे वार्षिक कारभार अहवाल आणि दरबारचे हुकूम बघावे लागतील, आणि इमारतीचा पैसा दरबारने दिला असणंही शक्य आहे. या संस्थानांचं विलीनीकरण १९४८-४९चं. मराठवाड्यातलं गाव असतं तर निजामी कारभाराचे उर्दू कागद आले असते. वऱ्हाड-नागपूरकडे मध्यप्रांताचे कायदे आणि नागपूरचं पुराभिलेख कार्यालय. गॅझेटियरमध्ये तुमच्या पालिकेचा उल्लेख आहे आणि स्थापना १८६४ आहे, यावरून मी खालसा मुलूख धरून पुढे जातो.

गॅझेटियर तुम्ही पाहिलंत ते कॅम्पबेलचं, १८८०च्या आसपासचं असणार. त्यात गावाच्या नोंदीत पालिकेचं स्थापना वर्ष आणि एखाद्या वर्षाचं उत्पन्न-खर्च असतो. रकमा पौंडांत आणि कंसात रुपयांत दिसतील. हिशेब सरळ दहा रुपयांना एक पौंड. ते उत्पन्न जरूर टिपून घ्या. वर्षाला पाच-सहा हजार रुपयांत दिवाबत्ती, झाडलोट, रस्ते, विहिरी आणि पगार भागवणाऱ्या पालिकेने तीस हजारांची दगडी इमारत का बांधली नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. मुळात इमारतीचा इतिहास मी पैशाच्या बाजूने वाचतो. कल्पना सभेत वर्षानुवर्षं पडून असते. काम सुरू होतं ते कर्ज मंजूर झालं, शिल्लक साठली किंवा कुणी देणगी दिली तेव्हा.

तुमच्या गावात ‘इंग्रजांनी बांधली’ असं म्हणतात ना, त्याचंही उत्तर इथेच आहे. कोनशिलेवर कलेक्टरचं किंवा कमिशनरचं नाव असतं म्हणून लोक तसं म्हणतात. नाव ज्याने दगड बसवला त्याचं. पैसा कुठून आला हे शिलेवर लिहिलेलं नसतं, ते अंदाजपत्रकात आणि कर्जाच्या ठरावात असतं. तो बहुतेक वेळा घरपट्टी आणि जकातीतूनच आलेला असतो, म्हणजे तुमच्या पणजोबांच्या खिशातून. शिलेची भाषा नीट वाचा: ‘पाया घातला’ आहे की ‘उघडली’ आहे? १९३५ हे साल पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचंही होतं. त्या निमित्ताने ठिकठिकाणी सार्वजनिक कामांना मुहूर्त लागले, जसे १८८७ आणि १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीला लागले होते. त्यामुळे दगड समारंभासाठी आधी बसला आणि बांधकाम नंतर रेंगाळलं, असं झालं नाही ना, हे तपासा.

ही शंका उगाच नाही. मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाचंच बघा. आधी गिरगाव रस्त्याच्या टोकाला साधं कार्यालय, १८७० पासून एस्प्लनेडवरची जागा, आणि मग बोरीबंदरसमोरची आजची वास्तू. या वास्तूचा पायाचा दगड लॉर्ड रिपनने डिसेंबर १८८४ मध्ये बसवला. प्रत्यक्ष काम सुरू झालं एप्रिल १८८९ मध्ये आणि पुरं झालं जुलै १८९३ मध्ये. दगड आणि काम यांत चार वर्षांहून जास्त अंतर, आणि तेही इलाख्याच्या राजधानीत! वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. मंजूर खर्च ११,८८,९६९ रुपये आणि झालेला खर्च ११,८८,०८२ रुपये. मंजुरीपेक्षा कमी खर्चात काम झालं हे आज वाचताना गंमत वाटते, पण आपल्या कामासाठी धडा वेगळा आहे. या एकाच इमारतीला १८८४, १८८९ आणि १८९३ अशी तीन सालं आहेत आणि तिन्ही खरी आहेत. तुमच्या लेखात नुसतं ‘१९३५ची इमारत’ लिहू नका. १९३५ला नक्की काय झालं ते लिहा.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: सभा, दप्तर आणि वसुली या तीन जागा वेगवेगळ्या शोधा, कायदा बदलला त्या वर्षांच्या आजूबाजूचे ठराव आधी वाचा, आणि शिलेवरचं साल पैशाच्या कागदाशी ताडून बघा.

आता कागद कुठे मिळतील. पालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहाचा, ‘ड’ वर्षभराचा. सर्वसाधारण सभेची ठराव बुकं कायमच्या वर्गातली, त्यामुळे ती असायला हवीत. बिलं, मस्टर, कामाच्या मोजमापाच्या वह्या (एम.बी.) यांची आशा धरू नका. रेकॉर्ड कीपरला ‘इमारतीची फाईल द्या’ म्हणालात तर नाही हेच उत्तर येईल, कारण अशी फाईल बहुधा नसतेच. ‘अमुक साल ते अमुक साल सर्वसाधारण सभेची प्रोसिडिंग’ असं नेमकं मागा. मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज करा आणि दप्तर जागेवर बसून पाहण्याची परवानगी मागा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज पहिल्याच दिवशी टाकू नये असं माझं मत आहे. तो हक्काचा आहेच, पण एकदा टाकला की मदत करणारा कारकूनही सावध होतो आणि मागितलंय तेवढंच देतो. आणि नवीन इमारतीत स्थलांतर नुकतंच झालंय म्हणता, तर उद्याच जा. दप्तर सगळ्यात जास्त हरवतं ते स्थलांतरात. ‘जुनं रद्दी’ म्हणून बाजूला काढलेली गाठोडी अजून जुन्या माडीवर असतील.

जुने ठराव मोडीत असतील. घाबरू नका, मोडी वाचणारी माणसं प्रत्येक जिल्ह्यात मिळतात; आधी पानांचे स्वच्छ फोटो काढून ठेवा.

एक दुर्लक्षित वही आवर्जून मागा: डेड स्टॉक रजिस्टर. खुर्च्या, मेजं, कपाटं, भिंतीवरचं घड्याळ, तसबिरी यांची नोंद त्यात असते. एका वर्षी अचानक चोवीस खुर्च्या, एक लांब मेज आणि मोठं घड्याळ खरेदी झालं असेल, तर सभागृह तयार झाल्याचा तो पुरावा आहे. ठरावात ‘लवकरच’ लिहिलेलं असतं, खुर्च्या मात्र जागा तयार झाल्याशिवाय कुणी घेत नाही.

दुसरं कार्यालय नगर भूमापनाचं. मिळकत पत्रिका सगळेच काढतात. तुम्ही चौकशी नोंदवही बघायला मागा. नगर भूमापन झालं तेव्हा त्या जागेवर कोणाचा हक्क कसा ठरला, जागा सरकारकडून मिळाली, विकत घेतली की कुणी दान दिली, याची चौकशी तिथे लिहिलेली असते. जागा मूळ देवस्थानाची किंवा एखाद्या सरदार घराण्याच्या पडक्या वाड्याची निघाली तर इतिहास एकदम शंभर वर्षं मागे जातो. आणि व्यापारी संकुलाच्या दृष्टीनेही ही नोंद कामाची आहे: जागा विशिष्ट कारणासाठीच दिली गेली असेल, तर तिथे दुकानं काढण्याआधी पालिकेला उत्तरं द्यावी लागतील.

गावाबाहेर मुंबई आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात जावं लागेल. मुंबईतलं एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. तिथे इलाख्याचं सरकारी राजपत्र आणि वार्षिक कारभार अहवाल बघा. वर्तमानपत्रांत ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासूनचं, ‘केसरी’ १८८१ पासूनचा. बाहेरगावच्या बातमीपत्रांत पालिकांच्या भांडणांना चांगली जागा मिळायची. इमारतीच्या उद्घाटनाची बातमी दोन ओळींत संपते. ती कुठे बांधावी यावरून पेठांमध्ये झालेलं भांडण रकाना भरून येतं, आणि आपल्याला तेच हवं असतं.

वयस्कर माणसांशी बोलाल तेव्हा ‘कोणत्या साली?’ असं विचारू नका, सालं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. पानशेतच्या आधी की नंतर, कोयनेच्या भूकंपाला तो सज्जा होता का, बहात्तरच्या दुष्काळात रेशनची रांग कुठल्या दारापाशी लागायची, असं विचारा. पानशेत फुटलं १९६१ला, भूकंप डिसेंबर १९६७चा. तुमचा कालखंड आपोआप बांधला जातो. निवृत्त शिपाई आणि नाक्यावरचे कारकून यांना माजी नगराध्यक्षांपेक्षा जास्त माहिती असते. माजी नगराध्यक्ष आपल्याच कारकिर्दीपासून इतिहास सुरू करतात.

ठराव वाचताना एक सावधगिरी. ठराव झाला म्हणजे काम झालं असं नसतं. महाडचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण पालिकेच्या बाजूने ते क्वचित वाचलं जातं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तिथे गेले आणि पाणी प्यायले, तोवर तो ठराव कागदावरच होता. सुरेंद्रनाथ टिपणीस हे तिथले नगराध्यक्ष सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले. पण ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच पालिकेने ठराव मागे घेतला, आणि तळ्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात मार्च १९३७ मध्ये निकाली निघाला. एका ठराव बुकात होकारही आहे आणि माघारही. तुमच्या १९३५च्या सभागृहात कशाकशावर हात वर झाले, हेही शोधा: पाणवठे, शाळाप्रवेश, सफाई कामगारांच्या चाळी, मंडईतले गाळे कुणाला. दगडाच्या घडणीपेक्षा गावाला हे जास्त वाचावंसं वाटेल. आणि त्याच न्यायाने ‘नवीन इमारत बांधण्याचा ठराव’ सापडला की लगेच उड्या मारू नका. निविदा, कर्जमंजुरी आणि पहिलं बिल यांतलं निदान एक हाती लागेपर्यंत ती नुसती इच्छा समजा.

आता भिंतीकडे. कागद गप्प बसले तरी वास्तू बोलते, फक्त तिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. छपराच्या किंवा माडीच्या लोखंडी तुळयांवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. टॉर्च घेऊन बघा. जमशेदपूरला टाटांचं पोलाद निघायला लागलं १९१२ पासून. टिस्कोचा, म्हणजे टाटांच्या या पोलाद कंपनीचा, शिक्का असेल तर ती तुळई त्याआधीची असूच शकत नाही. विलायती कारखान्याचं नाव असेल तर मात्र उलटं सिद्ध होत नाही, कारण विलायती माल नंतरही येत होता, आणि जुन्या तुळया लिलावात घेऊन वापरायची पद्धतही होती. सांध्यांत चुना आहे की सिमेंट? देशी सिमेंटचं उत्पादन पोरबंदरला १९१४च्या सुमारास सुरू झालं, आणि तालुक्याच्या गावात ते सहज मिळायला आणखी काही वर्षं गेली. तळमजला चुन्यातला आणि माडी सिमेंटमधली दिसली, तर कदाचित १९३५ हे माडीचं साल आहे आणि खालचा भाग आधीचा. तुमच्या वर्णनात ‘खालचे दगड काळे, वरचे जरा वेगळे’ असं वाक्य आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. जिन्याखाली आणि मागच्या भिंतीला जिथे गिलावा पडलाय तिथे दोन्ही मजल्यांच्या सांध्याचे जवळून फोटो घ्या. मंगलोरी कौलांवरून मात्र साल ठरवू नका. कौलं दर पिढीत बदलली जातात.

शेवटचा मुद्दा पाडण्याचा. शंभर वर्षं झाली की इमारतीला आपोआप संरक्षण मिळतं, हा समज चुकीचा आहे. राज्याच्या १९६०च्या पुरातत्त्व कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, पण ती पात्रतेची. सरकारने संरक्षित म्हणून जाहीर केल्याशिवाय काही होत नाही. तुमच्या १९३५च्या इमारतीला तर ती वाटही आज लागू नाही, तळमजला जुना निघाला तर गोष्ट वेगळी. दुसरा मार्ग नगररचना कायद्याखाली विकास योजनेतल्या वारसा यादीचा. यादी आहे का आणि ही वास्तू तिच्यात आहे का, हे नगररचना विभागात विचारा; नसेल तर विकास योजनेच्या सुधारणेच्या वेळी लेखी सूचना देता येते.

दुरुस्त होईल का, हे फोटोवरून सांगणार नाही. दगडी भिंती सहसा दगा देत नाहीत. त्या काळातल्या इमारतींत दुखणं असतं ते सुरुवातीच्या काँक्रीटच्या स्लॅबमध्ये आणि सज्ज्यात: आतली सळई गंजते, फुगते आणि खालचं काँक्रीट सोडते. ‘इमारत धोकादायक’ असा अहवाल सभेत आला असेल तर त्याची प्रत मागा आणि धोका भिंतींत आहे की फक्त स्लॅबमध्ये, हे बघा. स्लॅब बदलता येतो. अहवालात दोन्ही एकत्र करून ‘संपूर्ण इमारत’ लिहिलेलं असेल तर स्वतंत्र तपासणीची मागणी करायला तुमच्याकडे कारण आहे. तुमचा लेख मात्र इमारत वाचवण्यासाठी म्हणून लिहू नका. तसं लिहिलं की वय वाढवून सांगायचा मोह होतो, आणि विरोधकांनी एक चुकीचं साल पकडलं की सगळं बाद.

आठवडाभरात करण्यासारखं: कोनशिलेचा सरळ समोरून, बाजूने उजेड पडत असताना फोटो, म्हणजे झिजलेली अक्षरंही उठून दिसतील, तुळयांवरचे शिक्के, दोन मजल्यांमधला सांधा, आणि १९३० ते १९३७ची प्रोसिडिंग मागणारा अर्ज. शिलेवरचा पूर्ण मजकूर जसाच्या तसा इथे टाका, शुद्धलेखन न सुधारता. तो वाचल्यावर पुढचं कुठे बघायचं ते सांगतो.